खांद्यावरून खाली सगळं मोकळं

खांद्याची शिवण! सगळं तिथे आहे. खांद्याचं हाड संपतं तिथून ती शिवण दोनेक इंच खाली, दंडावर उतरली की पुढचं सगळं आपोआप जमून येतं. बाही रुंद होते आणि कोपराच्या जरा वर थांबते, मुंढा मोकळा होतो, काखेत वारा खेळतो, आणि पुढचं-मागचं कापड छातीवरून सरळ खाली पडतं. पोट, कंबर, पाठीवरच्या वळ्या, कशालाही चिकटत नाही. या कटाला ड्रॉप शोल्डर म्हणतात. दुकानात नुसतं 'ओव्हरसाइज दाखवा' म्हटलं तरी हाच काढतात. आणि मी सध्या भेटेल तिला हे सांगत सुटले आहे: स्टाफरूममध्ये, लिफ्टमध्ये, फोनवर पुण्याच्या बहिणीला, गोकुळपेठेत भाजी घेताना शेजारी उभ्या असलेल्या अगदी अनोळखी बाईलासुद्धा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कुठे मिळतो?

बर्डीवर मिळतो. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: बर्डी म्हणजे सीताबर्डी, आमची भर गर्दीची बाजारपेठ. मला तिथे माझी भाची घेऊन गेली. ती इंजिनिअरिंगला आहे, कपड्यांचं शिक्षण तिने कुठेही घेतलेलं नाही, पण तिची पिढी यात मुरलेली आहे. मी हँगरवरचा डबल एक्सएल काढून अंगाला लावला तेव्हा तिने तो शांतपणे परत अडकवला आणि म्हणाली, "मावशी, मोठा नको घेऊस. तुझ्याच मापाचा घे, पण सैल बेतलेला घे."

या एका वाक्यात सगळी विद्या आहे हो! मोठा टीशर्ट आणि सैल टीशर्ट या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. नेहमीच्या बेताचा टीशर्ट दोन नंबर मोठा घेतला की त्यात सगळंच वाढतं. छातीचा घेर वाढतो हे खरं, पण गळाही वाढतो आणि गळपट्टी खाली ओघळते. लांबी वाढून मांडीच्या मध्यावर येते. बाही लांबते, पण दंडाशी तेवढी रुंद होत नाही. खांदा उतरतो, पण त्याच्याखालचा मुंढा त्या उतारासाठी कापलेलाच नसतो, म्हणून काखेत कापडाचा गोळा जमतो. माणूस त्यात हरवून जातो, कुणाचा तरी मागून घातल्यासारखा दिसतो. आणि सैल बेतलेला? त्यात गळा तुमच्या मापाचाच राहतो. लांबी जवळजवळ तेवढीच राहते. वाढते ती फक्त रुंदी, आणि ती रुंदी सामावून घेण्यासाठी खांदा, मुंढा आणि बाही तिघंही नव्याने कापलेली असतात. म्हणजे सैलपणा हा तिथे मुद्दाम, मोजून, विचार करून ठेवलेला असतो! कुणीतरी कागदावर आखणी करताना ठरवलेलं असतं की इथे शरीर आणि कापड यांच्यामध्ये एवढी जागा राहील. ती जागा मी घालून फिरते आहे.

ट्रायल रूममध्ये मी तो घातला, राखाडी रंगाचा, काहीही न छापलेला, आणि आरशात पाहिलं. काय सांगू! गवंडी भिंत ओळंब्यात आहे का ते बघायला दोरी सोडतो ना, तशी खांद्याच्या दोन्ही टोकांपासून एकेक सरळ रेघ खाली आली होती. वजनाचा काटा सकाळी होता तिथेच होता, पण नजरेला दिसत होते ते खांदे, मान, मनगटं आणि ती सरळ रेघ. कापड टांगलेलं असतं ते फक्त खांद्यांवर! खांद्याखालचं काही त्याला धरून ठेवत नाही, म्हणून खांद्याखालच्या कशाची त्याला पर्वा नसते. कुर्तीला कंबरेला टक्स असतात, ब्लाउजचं तर सगळं आयुष्यच फिटिंगचं, फिटिंगच्या टॉपला रोज पोटाशी बोलणी करावी लागतात. बाळंतपणानंतर, पाळी जायच्या दिवसांत, थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यावर आपलं शरीर आपल्याला न विचारता बदलत राहतं आणि प्रत्येक वेळी कपाटातले कपडे रागावल्यासारखे वागतात. खांदे मात्र फारसे बदलत नाहीत. पंचविशीत होते जवळपास तेवढेच पन्नाशीला आहेत. आणि हा कपडा नेमका त्यांच्यावरच उभा आहे. मला हे इतकं आवडलं की मी ट्रायल रूममधून तो अंगातच ठेवून बाहेर आले.

गळ्याबद्दल थोडं अजून, कारण दुसरी जादू तिथे आहे. सैल टीशर्टचा गळा सैल असून चालत नाही. बाकी सगळं मोकळं आणि गळा मात्र मानेशी नीट, घट्ट नव्हे पण बसता. एक जागा बसती असली की बाकीचा मोकळेपणा हेतूपूर्वक ठेवलेला दिसतो. म्हणून गळपट्टी बघायचीच. ती अंगाच्या कापडाची नसते, रिबची असते: एक फासा पुढे, एक मागे अशी उभ्या रेघांची वीण, जी ताणली की ताणली जाते आणि सोडली की परत येते. दुकानातच गळपट्टी दोन बोटांनी ओढून सोडून द्या. ती झटकन परत आली तर घ्या, लाटा उठल्या तर ठेवून द्या. आणि टीशर्ट उलटा करून मानेच्या मागे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आतून पट्टी शिवलेली आहे का तेही पाहा. सगळं वजन खांद्यावर येणार, तर ती शिवण ताणून लांबू नये म्हणून ही पट्टी असते. किती शहाणी गोष्ट आहे ही!

आता कापड. इथे मी आमच्या होजिअरीवाल्या भाऊंची आयुष्यभर ऋणी राहीन. पहिल्या खरेदीनंतर मी त्यांच्या दुकानात गेले. छोटंसं दुकान, बनियन, मोजे, लहान मुलांचे बाबासूट, आणि वरच्या फळीवर टीशर्ट. मी विचारलं, काही टीशर्ट अंगाला चिकटतात आणि काही अंगापासून दूर उभे राहतात, असं का? त्यांनी हातातलं काम ठेवलं. "ताई, तुम्ही जीएसएम विचारा न. साइज सगळेच विचारतात, जीएसएम कोणी विचारत नाही." जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. त्यांनी काउंटरवर तीन टीशर्ट ठेवले आणि मला डोळे मिटून हात लावायला सांगितला. पहिला १५० च्या आसपासचा, मऊ, पातळ, पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा पोटाला चिकटेल असा. दुसरा १८० चा, रोजचा. तिसरा २४० चा, ज्याला हातात धरल्यावर जाणवत होतं की याला स्वतःचं म्हणणं आहे. सैल कपड्याला वजन लागतं! हलकं कापड शरीराचा प्रत्येक चढउतार सांगत बसतं, वजनदार कापड खांद्यावरून सुटलं की थेट खालीच जातं. माझं मत आता पक्कं झालं आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात १८० आणि एरवी २२०. २४० चा हिवाळ्यात, सकाळी अंबाझरीला फिरायला जाताना.

आणि लायक्रा नको. म्हणजे गळपट्टीत असू दे, तिथे ती हवीच, पण अंगाच्या कापडात नको. लायक्राचं कामच मुळी कापडाला शरीराकडे परत ओढण्याचं आहे, आणि आपल्याला तर ते दूर ठेवायचं आहे. शुद्ध सुती, कोम्ब्ड सुताचा म्हणजे आखूड तंतू विंचरून काढून टाकलेल्या सुताचा, आणि शक्यतो बायोवॉश केलेला. बायोवॉशमध्ये एन्झाइम कापडावरची बारीक लव खाऊन टाकतात, म्हणून ते गुळगुळीत लागतं आणि त्याला गोळे कमी धरतात. ही सगळी भाषा मला आता येते! मी लेबल वाचते! भाऊंनी सांगितलं की माल तिरुपूरचा. तमिळनाडूतल्या या एका शहरातून आणि त्याच्या पंचक्रोशीतून भारताच्या विणलेल्या कपड्यांच्या निर्यातीचा निम्म्याहून जास्त वाटा जातो. आणि कापूस? देशाची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आमच्या नागपुरातच आहे, यवतमाळ-वर्ध्याच्या शिवारात पांढरं सोनं पिकतं, आणि मी आजवर त्या सुताच्या विणीकडे कधी निरखून पाहिलंही नव्हतं. आता भिंग घेऊन पाहिलं. टीशर्टच्या कापडात ताणा-बाणा नाहीच. धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले, समोरून इंग्रजी व्हीसारखे उभ्या ओळीत दिसणारे. स्वेटरची वीणच ती, फक्त इतकी बारीक की डोळ्याला कापड वाटावं. इंग्लंडमधल्या विल्यम ली नावाच्या धर्मोपदेशकाने १५८९ मध्ये अशी वीण घालणारं पहिलं यंत्र केलं, मोजे विणायला. तेव्हापासून हे फासे चालले आहेत.

या कापडाचा प्रवासच किती सुंदर आहे. ते आधी मोज्यांचं, मग आतल्या कपड्यांचं. १९१३ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने खलाशांना गणवेशाच्या आत घालायला पांढरा, गोल गळ्याचा बनियन दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोको शनेलने हेच जर्सीचं कापड घेऊन बायकांचे बाहेर घालायचे पोशाख केले, आणि कॉर्सेटमध्ये आवळलेल्या शरीरांना हलायला मिळालं. १९५१ मध्ये मार्लन ब्रँडो 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मध्ये टीशर्टवर पडद्यावर आला, आणि आत घालायची गोष्ट कायमची बाहेर आली. तो अर्थात अंगाला घट्ट बसलेला होता. सैलपणाची गोष्ट वेगळी, आणि मला तिच्यातला जपानी अध्याय सर्वांत आवडतो: १९८१ मध्ये रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो यांनी पॅरिसमध्ये पहिल्यांदा आपले कपडे दाखवले. रुंद, काळे, शरीराची रेघ न गिरवणारे. किमोनो सरळ पट्ट्यांतून शिवतात, त्यात शरीर आणि कापड यांच्यात मोकळी जागा असते, आणि त्या जागेलाही रूप आहे असं मानणाऱ्या देशातून ते आले होते. मला हे वाचताना आजोबांची पैरण आठवली. तीही सरळ तुकड्यांची, काखेत चौकोनी ठिगळ, खांदा उतरलेला. ड्रॉप शोल्डर आपल्या खुंटीवर पहिल्यापासून टांगलेलाच होता!

आणि उन्हाचं काय, हे मला सगळे विचारतात. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यात इतकं कापड? पण हेच तर उत्तर आहे. १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक लहानसा शोधनिबंध आला होता: वाळवंटातले बेदुइन लोक इतक्या उन्हात काळे झगे का घालतात? शास्त्रज्ञांनी नेगेव्हच्या वाळवंटात भर दुपारी एका माणसाला काळा झगा, पांढरा झगा, लष्करी गणवेश आणि नुसती चड्डी असं आळीपाळीने घालून उन्हात उभं केलं. काळा झगा जास्त तापला, पण ती जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत पोचलीच नाही. झगा सैल होता, आतली हवा हलत होती, आणि तिने उष्णता वाटेतच बाहेर नेली. टीशर्ट काही पायघोळ झगा नव्हे, म्हणून मी दुपारी पांढराच घालते. पण सैल कापडाखालून हवा ये-जा करते हे मी रोज गाडीवर अनुभवते. तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटरवरून धरमपेठेतून निघाले की रुंद बाहीतून वारा आत शिरतो आणि पाठीवरून बाहेर जातो. पाठ कोरडी! एप्रिलमध्ये! ज्यांनी नागपुरात स्कूटर चालवली आहे त्यांनाच या वाक्याची किंमत कळेल.

मापाची एक युक्ती सांगते, ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी तर फारच मोलाची. आपली छाती टेपने मोजा. मग टीशर्ट पलंगावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. दोन्हींतला फरक म्हणजे सैलपणा. दोन ते चार इंच फरक असेल तर तो नेहमीचा टीशर्ट. सहा ते दहा इंच हा आपला मुलूख. माझी छाती ३८, माझा लाडका टीशर्ट सपाट मांडल्यावर २३ इंच, म्हणजे घेर ४६, आणि आठ इंच मोकळीक. बाराच्या पुढे गेलात तर माझ्यासारख्या पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईवर तो तंबू होतो, उंच मुलींना मात्र तोही शोभतो.

मग कडा. डोळा कड संपते तिथे थांबतो, म्हणून कड कुठे थांबवायची हे आपण ठरवायचं. बाही दंडाच्या सर्वांत जाड भागावर संपली तर बघणारा तिथेच बघणार. कोपराच्या वर, जिथे हात निमुळता होऊ लागतो तिथे संपली की अख्खा हात सडपातळ दिसतो. रुंद बाहीतून बाहेर आलेला हात तर आणखीच. खालची कड नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर नको. त्याच्या वर, कंबरेच्या हाडापाशी, किंवा पार खाली. लांबी अडचणीची असेल तर पुढचा मधलाच थोडा भाग जीन्समध्ये खोचायचा, बाजू आणि मागचं सोडून द्यायचं. भाचीने मला हे करून दाखवलं तेव्हा माझे पाय दोन इंचांनी वाढल्यासारखे दिसले, खोटं नाही सांगत. कंबर कुठे आहे याची एक खूण मिळते आणि बाकी गुपित राहतं.

खाली काय घालायचं, यात मी दिवसेंदिवस धीट होत चालले आहे. सरळ पायाची जीन्स तर आहेच. पण सुती, कडक इस्त्रीची पँट घालून पाहा. घोळदार खादीचा लांब स्कर्ट घालून पाहा! सैलावर सैल चालतं, फक्त दोन्हींपैकी एकाला अंगचा ताठपणा हवा. पायात कोल्हापुरी, गळ्यात लांब चांदीची साखळी, केस वर बांधलेले, कारण मान दिसायला हवी. एवढं कापड असताना मान हीच शोभा. मोठं छापील चित्र मी टाळते, घड्या पडल्या की ते मोडतं. साधा रंग, आणि तोही जरा गढूळ: राख, गेरू, शेवाळी, विटकरी. गेरूच्या रंगात मी शाळेच्या सहलीला रामटेकला गेले, गडावर चढले, उतरले, मुलींमागे धावले, पंगतीत मांडी घालून बसले, आणि दिवसभरात एकदाही टीशर्ट खाली ओढला नाही. एकदाही नाही! तो हात, जो पोटावरून कापड खाली ओढायला सारखा जातो, तो हात मोकळा होता. त्याच्यात मुलींच्या पाण्याच्या बाटल्या होत्या.

जपायचा कसा तेही भाऊंनीच सांगितलं. घेताना घडी घालून बाजूची शिवण सरळ खाली येते का पाहायचं, कारण कापड तिरकं कापलेलं असेल तर पहिल्या धुण्यानंतर ती शिवण फिरून पोटावर येते आणि मग कोणी काही करू शकत नाही. धुताना उलटा करून गार पाण्यात. वाळत घालताना खांद्यांना चिमटे लावून टांगायचा नाही. ओल्या कापडाचं वजन गळ्याला आणि खांद्यांना ओढतं. दोरीवर मधोमध आडवा टाकायचा, सावलीत. कपाटात हँगर नको, घडी.

पुण्याच्या बहिणीने तीन सांगितले आहेत, शेवाळी रंगाचा नक्की हवा म्हणाली. आईलाही एक आणला. ती सत्तरीची, आयुष्यभर नऊवारी आणि मग पाचवारी, रात्री गाऊन. तिने तो गाऊनच्या ऐवजी सुती पायजम्यावर घातला, हात वर करून पाहिले. तिचा उजवा खांदा आखडलेला आहे, ब्लाउजची बाही चढवताना रोज कळ येते. हा रुंद मुंढ्यातून सहज गेला. "अगं, दुखलंच नाही," म्हणाली, आणि रंग कोणकोणते आहेत ते विचारलं. उद्या शाळा सुटली की मी पुन्हा बर्डीवर जाणार आहे. तिला जांभळा हवाय, १८० चा, आणि पुढे खिसा असलेला, चष्म्यासाठी.